आबांना हेराचा सिनेमा दाखवला तेव्हा

माझ्या धाकट्या भावाने आबांपासून, म्हणजे आमच्या वडिलांपासून, त्यांचं हृदयाचं ऑपरेशन लपवायचं ठरवलं, तेव्हाच मी त्याला म्हटलं होतं की बाबा रे, हे आपल्या घराण्याचं काम नाही. आमच्याकडे एखादी सोयरीक मोडली तर ती मोडणाऱ्याच्या आधी गल्लीला कळते. माझ्या स्वतःच्या तोंडात तर तीळ भिजत नाही, हे मी पस्तीस वर्षं मास्तरकी करून सिद्ध केलेलं आहे. पण भाऊ ऐकेना. "आक्का, तू फक्त गप बस," म्हणाला. मला गप्प बसायला सांगणं हीच त्याच्या योजनेतली पहिली चूक होती.

गोष्ट साधी होती आणि वाईट होती. आबांच्या छातीत दुखायला लागलं. ते म्हणाले पित्त आहे. गावच्या डॉक्टरने नगरला पाठवलं, नगरच्या डॉक्टरने मनगटातून तार घालून बघितलं आणि भावाला आत बोलावून सांगितलं, तीन रक्तवाहिन्या बंद आहेत, छाती उघडून बायपास करावी लागेल, आणि फार दिवस थांबून चालणार नाही. भाऊ बाहेर आला आणि बाकावर बसलेल्या आबांना म्हणाला, "काय न्हाई, एक नळी तुंबलीय. साफ करायची. अर्ध्या तासाचं काम हाय."

"मोटारीच्या पाइपावानी?" आबांनी विचारलं.

"त्याच्यावानीच," भाऊ म्हणाला.

त्याच्या या खोटेपणाला कारण होतं, हे कबूल करायला हवं. काही वर्षांपूर्वी आबांना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवलं होतं. सकाळी नर्स बघते तर पलंग रिकामा. आम्ही विहिरी शोधल्या, एसटी स्टँड शोधलं. दुपारी आबा सापडले ते घोडेगावच्या बाजारात. मनगटाला दवाखान्याची पट्टी तशीच, आणि एका खोंडाचे दात मोजत उभे होते. "पोट कापनार म्हन्ले, म्हनून आलो," एवढंच म्हणाले. ते ऑपरेशन कधी झालंच नाही. हर्निया तसाच राहिला आणि आबाही. पण हृदय म्हणजे हर्निया नव्हे. या खेपेला ते पळाले असते तर आम्हाला आबा उरले नसते. छाती कापणार हे त्यांना कळता कामा नये, एवढ्या एका गोष्टीवर भावाने सगळं तोलून धरलं होतं.

आणि फसवायचं कुणाला? ज्या माणसाने चाळीस वर्षं घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली केली, त्याला. आबांना बैल आवडला की ते बैलाकडे बघतच नसत. विकणाऱ्याला त्याच्या लेकीच्या लग्नाचं विचारत, पाऊसपाण्याचं विचारत, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याचा चेहरा वाचत. घरी आम्ही खोटं बोललो की ते रागवायचे नाहीत, नुसते हसायचे. ते हसणं मला माराहून वाईट वाटायचं.

तर भावाने फोनवर एक ग्रुप काढला. त्यात आबा सोडून सगळे. त्याने नियम घालून दिले. ऑपरेशन हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. आबा सारखे आसपास असतात, फोनचा आवाज मोठा असतो, म्हणून सांकेतिक शब्द वापरायचा. ऑपरेशनला म्हणायचं पेरणी. मी म्हटलं, अरे, पण चैत्र चालू आहे. तो म्हणाला, "शब्द सोपा पायजे, आत्याच्या ध्यानात ऱ्हायला पायजे."

आत्याच्या तो फारच ध्यानात राहिला. दुसऱ्याच दिवशी तिचा नेवाशाहून फोन आला. भावाचा फोन आबांनीच उचलला. आत्या आपली मोठ्याने विचारते आहे, "काय रं, पेरनी कदी धरलीय? बुधवारीच ना?"

आबा फोन कानाला लावून बराच वेळ अंगणातल्या उन्हाकडे बघत राहिले. रान तापून तव्यासारखं झालेलं. ढेकळं पायाला पोळत होती. "बुधवारी," ते शांतपणे म्हणाले, "तू ये पेरायला." आणि फोन ठेवून भावाला म्हणाले, "तुझी आत्या म्हातारी झाली. चैतात पेरनी ईचारती." भावाने कपाळ पुसलं आणि आत्याला ग्रुपमधून काढून टाकलं. मला तेव्हाच वाटलं होतं की काढायचं तर शब्दाला काढ, पण माझं कोण ऐकतो.

बुधवारी सकाळी दाखल व्हायचं होतं. मंगळवारी भाऊ आबांना घेऊन माझ्याकडे नगरला आला, म्हणजे गावातलं कुणी भेटायला येऊन भलतंच बोलायला नको. पण आमचे नातेवाईक काय नगरात नाहीत? अकरा वाजता एक लांबचे मामा केळी घेऊन आले आणि आबांच्या समोर बसून त्यांच्याकडे इतक्या करुण नजरेने बघू लागले, की भावाने त्यांना पाणीसुद्धा न देता दारापर्यंत पोचवलं. मग तो स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी कुजबुजला, "आक्का, हितं धोका हाय. संध्याकाळपर्यंत यांना कुटंतरी न्यायला पायजे. जिथं कोन बोलत न्हाई असं."

कुणी बोलत नाही अशी जागा नगर शहरात एकच, ती म्हणजे सिनेमाचं थिएटर. तीनच्या खेळाला दोनच सिनेमे होते. एक भुताचा, तो हृदयाला बरा नाही म्हणून भावाने नापास केला. दुसरा हेराचा. त्यात गोळीबार होता, पण भाऊ म्हणाला, गोळीबाराचं आबांना काय, त्यांनी बाजारातली भांडणं बघितलीत. शिवाय जाहिरातीवर लिहिलं होतं, सत्य घटनेवर आधारित. खरं आहे म्हटलं की आबा बघतात. पौराणिक नाटकसुद्धा ते खरं समजून बघायचे आणि खलनायकाला शिव्या घालायचे.

आबा यापूर्वी सिनेमाला गेले होते ते जत्रेतल्या तंबूत. इथली मऊ खुर्ची मागे झुकली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरले. एसीची थंडी होतीच, म्हणून त्यांनी उपरणं अंगाभोवती घेतलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाऊ. पोलीस कैद्याला नेतात तसे आम्ही त्यांना मध्ये घेतलं होतं.

पडद्यावर आधी एक पाटी आली. ही कथा सत्य घटनेवर आधारित आहे. मग दुसरी आली, मी ती आबांना वाचून दाखवली, की यातली सर्व पात्रं आणि प्रसंग काल्पनिक आहेत.

"पात्रं खोटी, परसंग खोटे," आबा म्हणाले. "मंग खरं काय हाय? गाव?"

"गप ना आबा," भाऊ म्हणाला.

सिनेमा तसा बरा होता. एक तरणाबांड माणूस सरहद्दीपलीकडे जाऊन घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान टाकतो आणि तिथल्या मोठ्या अधिकाऱ्यांच्या घड्याळांबरोबर त्यांच्या गोष्टीही उघडून बघतो. त्याच्या आईला वाटत असतं की पोरगा अरबस्तानात नोकरीला आहे. नायक दिसायला इतका देखणा की शंभर माणसांत उठून दिसावा. डोळ्यांवर काळा चष्मा, दर दहा पावलांनी मागे वळून बघणं चालू.

"आसा बघत चालला तर कुत्रंबी वळखील," आबा म्हणाले. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने मागे वळून बघितलं. आबांनी त्याला हात जोडले. पण थोड्याच वेळात नायक एका बड्या अधिकाऱ्याशी बोलता बोलता कपाटाकडे बघू लागला, तेव्हा त्यांना राहवेना. "बघू नको, बघू नको! ज्याच्यावर नजर हाय त्याच्याकडं बघायचं नस्तं. त्याच्या पोरांचं ईचार आदी." पुढच्या रांगेतला माणूस आता पडद्याइतकंच आबांचंही ऐकत होता. मला हसू आवरेना. भाऊ मात्र हसत नव्हता. त्याचा फोन थरथरत होता, आणि तो दर पाच मिनिटांनी वाकून बाहेर जात होता. एकदा दवाखान्याशी बोलायला, एकदा रक्त देणाऱ्या पोरांची जुळवाजुळव करायला, एकदा नुसताच. परत आला की आबांच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारायचा, "बरं वाटतंय ना?"

मध्यंतराच्या आधीचा प्रसंग असा होता. नायक चहाच्या दुकानात निरोप घेऊन येणाऱ्याची वाट बघतोय. कोपऱ्यात बसलेला एक साध्या कपड्यांतला अधिकारी त्याच्याकडे बघत नाही, वर्तमानपत्र वाचतोय. आणि नायक सारखा दाराकडे बघतोय.

"गावला," आबा म्हणाले. "ज्याला लपवायचं आसतं, तो सारका दाराकडं बघतो." तेवढ्यात आमचा भाऊ पुन्हा वाकून दाराकडे निघाला. आबांनी त्याच्या पाठीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. पडद्यावर नायकाच्या खांद्यावर हात पडला आणि दिवे लागले.

मी लगेच पर्स उघडून त्यात काहीतरी शोधू लागले. पर्समध्ये काहीही नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं.

"हात दे," आबा म्हणाले.

मला वाटलं त्यांना उठायचं आहे. मी हात पुढे केला. त्यांनी तो खुर्चीच्या दांड्यावर ठेवून घेतला आणि अंगावरचं उपरणं सोडून दोघांच्या हातांवर टाकलं.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांनी हातात हात घ्यायचा, वर रुमाल नाहीतर उपरणं टाकायचं, आणि बोटांनी आकडा सांगायचा. एक बोट धरलं तर एक, अख्खा पंजा धरला तर पाच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी काय ठरलं ते दोघांनाच कळतं. आबांनी हे भावाला शिकवलं होतं, कारण तो मुलगा. मला शिकवलं नाही. बायका त्या बाजारात पायच ठेवत नसत. पण भाऊ त्यात इतका ढ होता की त्याने रात्रीच्या उजळणीसाठी मला पकडलं आणि मी त्याच्या आधी शिकले. हे आबांना माहीत नाही, असं मी पन्नास वर्षं समजत होते.

"आबा, मला हे येत नाही," मी म्हटलं.

"येतं. गोठ्यात बसून करायचे ना दोघं. मी गव्हानीपल्याड हुतो." ते समोरच्या रिकाम्या पडद्याकडे बघत बोलत होते. "छाती कापनार हायेत ना?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते कोण जाणे, नळीचंच काहीतरी.

"तोंडानं बोलू नको. तोंडानं तू खोटं बोलशील, आन् मंग रडशील. मानसं हायेत भवताली. रुमालाखाली खोटं चालत न्हाई, एवढं ध्यानात ठीव. रुपयात किती आने, ते सांग फक्त."

आमच्याकडे पिकाचा अंदाज आण्यांतच करतात. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक, चार आणे म्हणजे दुष्काळ. आबांना विचारायचं होतं की ऑपरेशनमधून जगण्याची खात्री किती. डॉक्टरांनी भावाला सांगितलं होतं, वय बघता दहांतले नऊ जण सुखरूप घरी जातात. आता दहांतल्या नऊचे आणे किती होतात? पस्तीस वर्षं मी पोरांकडून गणितं करून घेतली, पण त्या खुर्चीत मला भागाकार येईना. माझ्या बापाच्या जिवाचा हिशोब होता तो. आजूबाजूला लोक मक्याच्या लाह्या खात होते.

क्षणभर वाटलं, सोळा सांगावं. मग त्यांचं बोलणं आठवलं. मी दोनदा त्यांचा पंजा धरला आणि मग चार बोटं. चौदा.

आबांनी माझा हात फिरवून घेतला. दोनदा पंजा आणि दोनच बोटं. बारा. जन्मभर दलाली केलेला माणूस, पहिला सांगितलेला भाव मान्य कसा करील? त्यांना वाटलं, लेकीने मायेपोटी दोन आणे चढवलेत.

मी पुन्हा चौदा दिले. घट्ट.

त्यांनी बारावर आग्रह धरला नाही. थोडा वेळ त्यांची चार बोटं माझ्या मुठीत तशीच राहिली. त्यांचा तळवा अजून खरखरीत होता, कासऱ्याने पडलेले घट्टे होते त्यावर. मला खरंच रडू यायला लागलं होतं, पण त्यांनी आधीच बजावून ठेवलेलं.

"चौदा आने लई झाले," ते म्हणाले. "आपल्या भागात आठ आन्याच्या वर कदी पिकलंय?"

"तुम्ही पळून नाही ना जाणार?" मी विचारलंच.

"हर्नियाच्या टायमाला तुजी आई हुती मागं घर सांभाळायला. आता ती न्हाई, मलाच ऱ्हायला पायजे," ते म्हणाले. मग उपरणं उचलून पुन्हा अंगाभोवती घेतलं. "आता तो येईल. त्याला सांगू नको मला कळलंय म्हनून."

"का? त्याला किती हलकं वाटेल."

"न्हाई वाटायचं. मला भ्या वाटत न्हाई, या आधारावर तो उबा हाय. चार दिस झाले, भाकर अर्दी टाकून उटतोय. मला कळलंय हे त्याला कळलं तर त्यो हितंच मटकन बसंल." त्यांनी दाराकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "आत्याची पेरनी ऐकली तवाच मला कळ्ळं हुतं. पन त्यानं एवढं जुळवून आनलंय, मोडू कशाला."

भाऊ दोन्ही हातांत लाह्यांचे मोठे डबे घेऊन आला. माझे डोळे बघून त्याने भुवया उंचावल्या. मी म्हटलं, सिनेमा फार करुण आहे. "आत्ता तर कुटं मध्यंतर झालंय," तो म्हणाला.

उरलेला सिनेमा मी बघितला नाही, आबांना बघत होते. ते लाह्या खात होते आणि नायकाला शिव्या घालत होते. मध्येच भावाकडे वळून अगदी भोळेपणाने म्हणाले, "त्या नळीचं काम किती टायमाचं म्हन्ला?"

"अर्धा तास."

"दुखतं का?"

"मुंगी चावल्यावानी," भाऊ म्हणाला.

"मंग काय," आबा म्हणाले आणि पुन्हा पडद्याकडे वळले. मी अनेक नट बघितले आहेत, पण त्या संध्याकाळी पडद्यावर जो होता तो माझ्या शेजारच्याच्या पासंगालाही पुरला नसता.

बुधवारी सकाळी आबा आपल्या पायांनी दवाखान्यात चालत गेले. कागदावर सही करताना भावाने वरचा मजकूर तळहाताने झाकून धरला, आणि आबांनी तो झाकलेला आहे हे बिलकुल न बघता झोकदार सही केली. छातीवरचे केस काढायला माणूस आला. भाऊ घाईने म्हणाला, "मशीन लावायला लागतं, म्हनून." आबा म्हणाले, "काढ, काढ. उन्हाळाच हाय." गुरुवारी सकाळी त्यांना आत नेलं, तेव्हा भाऊ चाकांच्या पलंगाबरोबर दारापर्यंत पळत गेला. "अर्ध्या तासात बाहेर, आबा!" आबांनी हात वर केला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि का बघितलं नाही ते मला ठाऊक होतं.

अर्ध्या तासाचे साडेपाच तास झाले. भाऊ भिंतीला टेकून बसला होता. मधूनच म्हणायचा, "बरं झालं आक्का, त्यांना काय कळलं न्हाई. कळलं असतं तर लई घाबरले असते." मी हो म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट पोटात ठेवली होती आणि ती मला पचत नव्हती. त्याच्या त्या भाबड्या पाठीवर हात फिरवण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं. डॉक्टर बाहेर आले, चांगलं झालं म्हणाले, आणि मग आम्ही दोघं तिथेच लहान पोरांसारखे रडलो.

तोंडातली श्वासाची नळी दुसऱ्या दिवशी काढली. संध्याकाळी आम्हाला एकेक करून आत सोडलं. आधी भाऊ गेला. मी दाराच्या काचेतून बघत होते, दार किंचित उघडं होतं. आबांच्या छातीवर गळ्यापासून खाली हातभर लांब पट्टी, दोन्ही हातांना सुया, बाजूला चार मशीन. भाऊ पायाशी उभा होता. आबांनी डोळे उघडले. एकदा खाली त्या पट्टीकडे बघितलं, मग लेकाकडे. आवाज पार बसलेला होता.

"नळी लईच लांब हुती वाटतं रे," आबा म्हणाले.

"व्हय आबा," भाऊ म्हणाला. "जरा लांब निगाली."

"आसू दे. साफ झाली ना? जा, जेवून घे."

भाऊ बाहेर आला. बाहीने डोळे पुसले, दार नीट ओढून घेतलं आणि माझ्यापुढे बोट नाचवून म्हणाला, "आक्का, अजून काय कळलं न्हाई त्यांना. तू आत जाशील आन् बोलून बसशील. काय सांगायचं न्हाई, समजलं?"

"नाही सांगत," मी म्हटलं आणि आत गेले.